बापू माझ्यावर संतापत नाहीत

आमच्या गल्लीतल्या बापूंना राग येत नाही. राग ही त्यांच्या मते किरकोळ चीज आहे. "राग रिक्षावाल्यावर येतो. लाइट गेली की चीड येती. पाकिटातली चटणी बघितली की डोक्यात तिडीक जाती. पण संताप..." इथं बापू छातीवर पंजा ठेवतात. "संताप फकस्त आपल्या माणसावर. परक्यावर कशापायी वाया घालवायचा?"

बापूंचं मिरची कांडायचं दुकान माझ्या घराला लागून आहे. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करून न्यायला तिथं रांग लागते आणि यंत्राच्या धडधडीवरून बापूंचा आवाज ऐकू येतो. "सगळी ब्याडगीच आणलीसा व्हय काकू? नुसता रंग! जेवायचं हाय का रंगपंचमी खेळायची हाय?" काकू ठसक्यानं आलेलं पाणी पुसत, खूश होऊन घरी जातात.

माझ्या बायकोला तर ते दरवर्षी फाडून खातात. "वैनी, लसूण हाय का लसणीची सालं? संताप आणलासा बघा!" ती घरी येऊन ते पुन्हा पुन्हा सांगते, माहेरची साडी दाखवावी तसं.

मला मात्र, "या पावणं, बसा. च्या सांगू?"

भिंतीला भिंत लागून निम्मं आयुष्य गेलं, आणि पावणं!

मी मुळात कमी बोलणारा. माझ्यावर घरात, ऑफिसात कोणी चिडत नाही. चिडावं इतका मी कोणाच्या मधे येतच नाही. लिहायला लाज वाटते, पण बापूंची बोलणी खाल्लेल्या प्रत्येक माणसाचा मला हेवा वाटायचा. एका उन्हाळ्यात मी मुद्दाम देठं न काढलेली, दमट मिरची घेऊन गेलो. यंत्र तुंबवणारी मिरची! बापूंनी मूठभर उचलली, दाबून बघितली. बोलणी खायला मी पुढं सरकलो.

"असू द्या पावणं," ते मऊ आवाजात म्हणाले. "जरा ऊन दाखवून आणा."

पिशवी घेऊन परत आलो. बायकोला सांगितलं, गर्दी होती.

सगळ्यात जास्त हेवा वाटला तो विलासचा, बापूंच्या मुलाचा. दुकानात तयार चटणीची पाकिटं ठेवूया, एवढंच तो म्हणाला होता. बापू भर गिऱ्हाइकांत त्याच्यावर असे संतापले की बायका मिरच्या निवडायच्या थांबल्या. विलास त्याच दिवशी इचलकरंजीला गेला, यंत्रमागावर कामाला लागला आणि कित्येक वर्षं फिरकला नाही. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. माझ्या मनात आलं, एवढा संताप एकट्याच्या वाट्याला!

परवा तो आला. मी दुकानातच होतो. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "बापू, आलोय."

आता गल्ली हादरणार.

"या," बापू म्हणाले. "बसा. च्या घेणार?"

विलासचा चेहरा उतरला. चहा आला. त्यानं अर्धा घेतला आणि उठला. "येतो."

"बरं. सावकाश जावा."

खोटं कशाला सांगू, आधी मला बरंच वाटलं. आता तोही पावणा.

मग बापूंकडे लक्ष गेलं. विलासच्या अर्ध्या कपावर ते तळहात ठेवून बसले होते, चहा निवू नये म्हणून झाकावा तसा.

आणि माझ्या तोंडून, माझाच विश्वास बसेना इतका मोठा आवाज निघाला. "अहो, पोरगं आलतं तुमचं! पावण्यागत च्या पाजून लावून दिलंसा? वरडायचं तरी हुतं त्याच्यावर!"

बापूंनी मान वर केली नाही. "मागल्या बारीला वरडलो म्हणून गेला. म्हटलं, गोड बोललो तर ऱ्हाईल. तरीबी गेलाच की."

मी तसाच उभा राहिलो. बापू ताडकन उठले, कप कलंडला.

"आन तू हितं खांबागत काय हुबा ऱ्हायलास? स्टँडाला पोचायच्या आत गाठ की त्याला! बाप संतापलाय म्हणावं. लई संतापलाय! अरं, पळ की!"

मी पळालो. ज्याचा इतकी वर्षं हेवा केला, त्यालाच भर रस्त्यात हाका मारत.