विषय क्रमांक सात : पृथ्वी

पृथ्वी पुढे चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवण्याची पाळी यंदा बार्शीच्या शिक्षक कॉलनीतल्या गृहनिर्माण संस्थेवर आली होती. पाळी चक्राकार पद्धतीनं फिरते. मागच्या खेपेला ती पेरू देशातल्या कुठल्याशा कोळ्यांच्या गावाकडे होती, आणि त्या लोकांनी अर्ध्या तासात ‘चालू ठेवा’ असं कळवून पुन्हा जाळी टाकायला घेतली होती. शिक्षक कॉलनीत एवढ्यावर भागणार नव्हतं. इथे अकरा प्लॉट होते आणि त्यात सात निवृत्त मास्तर राहत होते.

पत्र आलं ते सेक्रेटरी दिगंबर मोहोळकर सरांच्या नावे. सर भूगोलाचे. अठरा वर्षं ते संस्थेचे सेक्रेटरी होते, ते काही लोकांचा त्यांच्यावर जीव होता म्हणून नव्हे; संस्थेच्या कामाचा कॉम्प्युटर त्यांच्या हॉलमध्ये होता, एवढंच कारण. पत्रात सगळं स्वच्छ लिहिलं होतं. ठराव एकच मांडायचा; तो पडला तर त्याच्या उलट ठरलं असं धरलं जाईल. त्याला सूचक हवा, अनुमोदक हवा. निकाल सभेच्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन पाठवायचा. बंद करण्याचा ठराव झाल्यास नोंदीच्या तारखेपासून तीस दिवसांनी पृथ्वी बंद होईल. आणि पाचपर्यंत काहीच आलं नाही, तर संस्थेला स्वारस्य नाही असं समजून ती त्याच संध्याकाळी बंद होईल.

सरांनी वार्षिक सभेच्या सूचनेत तो विषय सातव्या क्रमांकावर घातला. सहाव्यावर गच्चीवरच्या टाकीची गळती होती, आठव्यावर ऐनवेळचे विषय.

आता तुम्ही म्हणाल, यात काळजी कसली? चालू ठेवा म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण तुम्ही गपाट मास्तरांना ओळखत नाही.

निवृत्ती गपाट म्हणजे पी.टी.चे मास्तर, प्लॉट नंबर चार. नगरपालिकेच्या एका निवडणुकीत त्यांचा पुतण्या उभा होता आणि मोहोळकर सरांनी दारोदार फिरून विरुद्ध बाजूचा प्रचार केला होता. पुतण्या पडला. तेव्हापासून सर जे मांडतील ते गपाट मास्तर पाडत. मास्तरांकडे सहा घरं होती, सरांकडे पाच. कॉलनीच्या फाटकाचा ठराव सहा विरुद्ध पाचनं पडला. बोअर पडला. पंधरा ऑगस्टला झेंड्याची नवी दोरी घ्यावी, हा साधा ठरावसुद्धा सहा विरुद्ध पाचनं पडला आणि त्या वर्षी झेंडा कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीवर चढला.

सर रोज सकाळी कॉम्प्युटरसमोर बसून आपली मतं टाइप करत. बर्फ वितळण्याबद्दल, राजकारण्यांबद्दल, आणि मधूनमधून त्या कॉम्प्युटरबद्दलच, कारण तो मध्येच अडकायचा आणि सरांचा रक्तदाब वाढायचा. त्याचं झाकण कायमचं काढून ठेवलेलं होतं आणि समोर टेबल फॅन लावलेला असे. पृथ्वीचं काही खरं नाही, असं सरांनी त्यात निदान शंभर वेळा लिहिलं असेल. पण लिहिणं वेगळं. सरांची मुलगी सुप्रिया लातूरला होती, तिला सातवा महिना होता. डॉक्टरांनी दिवाळीतल्या पाडव्याच्या आसपासची तारीख दिली होती. सभा सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी. तीस दिवस धरले तर पृथ्वीला दसरा मिळत होता, दिवाळी मिळत नव्हती. सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून हा हिशेब चारदा केला आणि त्यांना जेवण जाईना.

मग त्यांना युक्ती सुचली. आपण मांडू ते गपाट पाडणार. मग आपण ‘पृथ्वी बंद करावी’ असंच मांडायचं. सहा विरुद्ध पाच. ठराव फेटाळला की पृथ्वी चालू. सरांनी ही गोष्ट बायकोलाही सांगितली नाही. शैलजाबाईंच्या पोटात काही राहत नाही, असं त्यांचं मत होतं.

रविवारी तीन वाजता सरांच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या गेल्या. तालुक्याहून हुंबे मॅडम निरीक्षक म्हणून आल्या होत्या. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि चहाला नको म्हणाल्या. ‘निकाल लागेपर्यंत काही घेत नाही मी. मागाहून लोक बोलतात.’

गळतीवर पाऊण तास गेला. गळती सहा विरुद्ध पाचनं तशीच राहिली.

‘विषय सात,’ मॅडम म्हणाल्या. ‘सूचक?’

सर उठले.  ‘पृथ्वीची एकंदर परिस्थिती पाहता ती बंद करण्यात यावी, असा मी ठराव मांडतो.’

 दारात उभ्या असलेल्या शैलजाबाईंनी पदर तोंडाला लावला. सर गपाट मास्तरांकडे बघत राहिले. आता उठेल, आता म्हणेल. उठ ना बाबा!

गपाट मास्तर उठले. त्यांनी घसा साफ केला. चेहरा पांढरा पडला होता, पण मान ताठ होती.

‘माझं अनुमोदन आहे,’ ते म्हणाले.

सरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण मागे कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसरी वाजली. अठरा वर्षांत या कॉलनीत एकमत झालं नव्हतं, लोकांना नुसतं भरून आलं. शेजारच्या भागवत सरांनी डोळे पुसले. बघता बघता दहा हात वर गेले आणि अकरावा सरांचा असणार, असं मॅडमनी धरूनच टाकलं.

‘सर्वानुमते मंजूर,’ त्या लिहू लागल्या.

‘थांबा!’ सर ओरडले. ‘मी ठराव मागे घेतो.’

‘अनुमोदन मिळायच्या आधी घेता आला असता.’

‘मग माझा विरोध लिहा.’

‘स्वतःच्याच ठरावाला? तशी तरतूद नाही, सर.’

‘मग पुन्हा सभा घेतो. आत्ता, इथल्या इथे.’

‘मंजूर झालेला विषय सहा महिने पुन्हा घेता येत नाही. सहा महिन्यांनी घ्या ना,’ मॅडम समजुतीनं म्हणाल्या. ‘फक्त जागेचं तेव्हा तुमचं तुम्ही बघा.’

सर सतरंज्या तुडवत गपाट मास्तरांपाशी गेले. अठरा वर्षांत पहिल्यांदा ते त्यांच्याशी सरळ बोलत होते. ‘अहो मास्तर, काय केलंत हे? आजच कुठून अवदसा आठवली तुम्हाला?’

‘मी काय केलं? वहिनी सकाळी आल्या होत्या घरी. रडत होत्या. म्हणाल्या, भावजी, आजच्या दिवस यांच्या मनाविरुद्ध जाऊ नका, हे म्हणतील त्याला हो म्हणा. मी शब्द दिला. तुम्ही असलं काही मांडाल, हे मला काय ठाऊक?’

‘मग ऐकल्यावर तरी गप्प बसायचं!’

‘शब्द दिला होता, सर. आणि मला वाटलं, तुम्ही भूगोलाचे. तुम्हाला आतलं काही कळलं असेल.’

शैलजाबाई दाराला टेकून खाली बसल्या होत्या. ‘मला सांगायचं होतंत हो एकदा,’ एवढंच त्या म्हणाल्या. सरांना त्यांच्याकडे बघवेना. आपण एका वाक्यात आपल्या लेकीचं बाळ घालवलं, हे त्यांना आता पुरतं उमगलं होतं.

‘साडेचार,’ मॅडम म्हणाल्या. ‘पाठवताय ना? नाहीतर तीस दिवसही मिळायचे नाहीत.’

सर कॉम्प्युटरसमोर बसले. हॉलमधली सगळी माणसं त्यांच्या पाठीशी येऊन उभी राहिली. फॉर्म उघडायला सात मिनिटं लागली. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं. सरांनी ठरावाचा मजकूर भरला, सूचकात स्वतःचं नाव घातलं, अनुमोदकात गपाट मास्तरांचं. आणि लाइट गेली.

पंखा थांबला. पडदा काळा झाला.  भागवत सरांनी बाहेर जाऊन डीपीकडे पाहिलं आणि तसेच परत आले. पावणेपाच झाले. कुणाच्या तरी घरच्या बाई देवाचं नाव घेऊ लागल्या. आता आज संध्याकाळी की महिन्याभरानं, एवढाच काय तो प्रश्न उरला होता. त्यातला महिना तरी मिळावा म्हणून जो तो बटणाकडे डोळे लावून होता.

पाचाला नऊ मिनिटं कमी असताना लाइट आली. कॉम्प्युटर कण्हत सुरू झाला. त्याच्या आतला सेल कधीच संपला होता, त्यामुळे लाइट गेली की तो बिचारा सगळं विसरायचा आणि कारखान्यातून निघाला त्या दिवसावर जाऊन बसायचा. कोपऱ्यात तारीख आली, १ जानेवारी २००९. दर वेळी सर आधी तारीख नीट करत आणि मग कामाला लागत. त्यांचा हात सवयीनं माउसवर गेला.

फॉर्म पुन्हा उघडला होता. नोंदीची तारीख तो स्वतःच कॉम्प्युटरवरून उचलत असे, हातानं भरता येत नसे. सरांनी त्या चौकटीकडे पाहिलं. माउसवरचा हात तसाच राहिला.

‘चार मिनिटं,’ मॅडम म्हणाल्या.

सरांनी तारखेला हात लावला नाही. मजकूर भरला, नावं भरली. मागे उभ्या असलेल्या गपाट मास्तरांचा श्वास त्यांच्या मानेला लागत होता. मास्तरांना ती तारीख दिसत होती. मास्तर काही बोलले नाहीत. सरांनी बटण दाबलं. चक्र फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. कुणीतरी कॉम्प्युटरला हलकेच एक चापट मारली. पाचाला एक मिनिट कमी असताना पोच आली आणि प्रिंटरनं ती कुरकुरत बाहेर टाकली.

हुंबे मॅडमनी चष्मा लावून पोच वाचली. एकदा वाचली, मग पुन्हा वरपासून वाचली. सरांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

‘सर्वानुमते मंजूर. पृथ्वी दिनांक ३१ जानेवारी २००९ पासून बंद,’ त्यांनी मोठ्यानं वाचलं. ‘म्हणजे ती आधीच बंद झालेली आहे.’

‘तसंच दिसतंय,’ सर म्हणाले. 

‘मग मला आज रविवारी कशाला पाठवलं?’ मॅडम खरोखरच रागावल्या. पण शिक्का होता, नंबर होता, वेळेत होतं. त्यांनी फाइलवर ‘प्रकरण निकाली’ असं लिहून खाली सही केली.

गपाट मास्तरांनी हळूच विचारलं, ‘आणि मग आपण सगळे, मॅडम? आपलं काय?’

‘आपण अनधिकृत.’

‘कारवाई होईल?’

मॅडमनी जरा विचार केला. ‘करणार कोण? कारवाईचं खातंही त्याच तारखेपासून बंद धरावं लागेल. माझी स्वतःची नेमणूक चौदा सालची आहे.’ त्यांनी टेबलावरचं घड्याळ उचलून मनगटाला बांधलं. ‘चहा घेते मी आता. साखर कमी.’

शैलजाबाई उठून आत गेल्या. लोक सतरंज्या झटकू लागले. गपाट मास्तरांनी एक टोक धरलं, दुसरं सरांनी. दोघांनी मिळून तिची नीट घडी घातली.

मग सरांनी लातूरला फोन लावला. सुप्रियानं पहिल्याच रिंगला उचलला. दुपारपासून ती फोन हातात धरूनच बसली होती.

‘बाबा, काय ठरलं?’

‘बंद केली.’

 मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, ‘कधीपासून?’

‘दोन हजार नऊपासून.’

‘म्हणजे माझं लग्न...’

‘बंद झाल्यावरचंच.’

‘अगंबाई,’ सुप्रिया म्हणाली.  ‘बाबा, याला बघा ना कसलं कळतंय. तुमचा आवाज ऐकला की लाथा मारतो.’

‘मारू दे,’ सर म्हणाले. ‘मारू दे, बेटा. आता काही कोणाची परवानगी लागत नाही.’ आणि ते तिथेच सतरंजीच्या घडीवर बसून हुंदके देऊन रडले.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. वजन पावणेतीन किलो. दवाखान्याच्या कागदावर जन्मस्थळाच्या रकान्यात फक्त लातूर लिहिलं आणि त्यापुढे कोणी काही विचारलं नाही.