यीस्टचा शेजारधर्म

सरांच्या विद्यापीठातल्या खोलीला रंग द्यायला घेतला आणि सर प्रयोगशाळेत मुक्कामाला आले. तिथे येण्याचं दुसरं काही कारण त्यांना गेल्या कित्येक वर्षांत सापडलेलं नव्हतं. येताना त्यांनी पाठीला उशी, चष्म्याची डबी आणि तळपायांना मसाज करणारं विजेचं यंत्र आणलं. पुस्तक एकही आणलं नाही.

त्याच दिवशी त्यांची शिष्या प्रबंधातला शेवटचा प्रयोग लावत होती. यीस्टचं श्वसन बंद पाडलं की त्याची कोणती जनुकं गप्प बसतात आणि कोणती कामाला लागतात, हा तिचा विषय. एका चंबूतल्या यीस्टला श्वसन रोखणारं विष द्यायचं, शेजारच्या चंबूतल्याला द्यायचं नाही आणि दोघांची तुलना करायची. दोन्ही चंबू यंत्रावर सतत हलत ठेवायचे, म्हणजे आत हवा मिळते. एवढं पार पडलं की पदवी, आणि पदवी मिळाली की एका कॉलेजातली नोकरी. तीही आता फार दिवस थांबणार नव्हती. "पीठ फुगवायच्या वस्तूचा अभ्यास करायला एवढी वर्षं लागतात का गं?" असं तिची आई दर फोनवर विचारायची.

चंबू हलू लागले तोच सरांनी तिला रंगाऱ्यावर नजर ठेवायला पिटाळलं. भिंतीचा रंग म्हणे विचारवंताला शोभेल असा हवा होता. ती दुपारभर तिथे तिष्ठत राहिली. परत आली तेव्हा चंबू हलत होते आणि सर प्रसन्न दिसत होते.

निकाल पाहून मात्र ती चक्रावली. विष दिलेल्या यीस्टची जनुकं बदलली होती, ते ठीकच. पण न दिलेल्या यीस्टचीही हुबेहूब तशीच बदलली होती. प्रयोग पुन्हा करते, असं ती म्हणाली. सरांनी हात वर करून तिला थांबवलं, कारण त्यांना साक्षात्कार झाला होता. शेजाऱ्याचा श्वास कोंडलेला जाणून या यीस्टनं सहानुभूती दाखवली, असं त्यांनी जाहीर केलं. दोन काचांपलीकडचं त्याला कळलं कसं, हा प्रश्न त्यांना क्षुद्र वाटला. 'यीस्टचा शेजारधर्म' या विषयावर ते भाषणं ठोकू लागले. माणसानं यीस्टकडून शिकावं, असं म्हणताना ते चष्मा काढून पुसायचे. गाडी लावण्यावरून स्वतःच्या शेजाऱ्याशी त्यांचा अबोला होता, ते सोडा. प्रबंधात शेजारधर्माचं अख्खं प्रकरण घालायचं फर्मान निघालं. ती नको म्हणाली, तेव्हा सही आपली लागते याची त्यांनी तिला प्रेमानं आठवण करून दिली. तिनं प्रकरण घातलं.

प्रबंध सादर झाल्यावर एका दुपारी ती प्रयोगशाळेत शिरली. सरांची खोली रंगून झाली होती, पण त्यांना आता इथलीच सवय लागली होती. डोळे मिटून ते खुर्चीत रेलले होते. त्यांचे पाय थरथरत होते आणि चंबू मात्र निश्चल उभे होते. चंबूंच्या यंत्राचा प्लग काढून सरांनी तिथे आपल्या मसाजचा लावला होता.

"सर, माझ्या प्रयोगाच्या दिवशीपण तुम्ही..."

"रोजच लावतो. उठताना तुझा प्लग परत बसवतो की. मला शिस्त आहे."

तिला सगळा उलगडा झाला. हलणं थांबलं म्हणून हवा तुटली, आणि विषाशिवायच यीस्टचा श्वास कोंडला होता. तिनं हे सरांना समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि वाच्यता करू नकोस, असा सल्ला दिला.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक बाई आल्या. त्यांनी थेट शेजारधर्माचं पान उघडलं.

"हा प्रयोग मी आमच्याकडे करून पाहिला," बाई म्हणाल्या. "आमचं यीस्ट शेजाऱ्याला ढुंकूनही विचारत नाही. तुमचंच एवढं मायाळू कसं?"

सर खिडकीबाहेर बघू लागले. हातची नोकरी जाणार हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिला भीती वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

"बाई, मायाळू वगैरे काही नाही," ती म्हणाली. "चंबू हलवणारं यंत्र बंद होतं. प्लग काढलेला होता. हवा तुटली म्हणून जनुकं बदलली."

"कुणी काढला प्लग?"

तिनं सरांकडे पाहिलं.

"मी," सर म्हणाले. "मुद्दाम काढला. विष न देता नुसती हवा तोडली तरी यीस्ट तेच करतं का, ते बघायचं होतं मला. हिला आधी सांगितलं असतं, तर हिचं मन निकालाकडे झुकलं असतं."

बाईंचा चेहरा उजळला. "अहो, हे तर फार सुंदर आहे. मग हे शेजारधर्माचं काय?"

"तरुण मुलं, वाहवत जातात," सर क्षमाशील हसले. "मी अडवत नाही."

ते प्रकरण काढून त्या जागी सरांचा प्लगचा प्रयोग घालावा आणि पदवी द्यावी, असं बाईंनी सुचवलं. सरांचा हात त्यांनी कितीतरी वेळ सोडला नाही. मग तिच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "असे गुरू मिळायला नशीब लागतं हो."

निकालाच्या कागदावर बाईंची सही अजून व्हायची होती. तिनं मान डोलावली.