मेहुण्याने दुरुस्त केलेला क्लच

मारोलोप सिनागा स्वतःच्या मुलीच्या, रुगुनच्या लग्नाच्या फाटकासमोरून निघून गेला.

थांबला नाही. बेचाकच्या, म्हणजे मोटारसायकलला जोडलेल्या, डब्यात त्याचा मेहुणा जापोर्मन दामानिक मांडीवर ताट घेऊन बसला होता. ताटात आशीर्वादाचा मासा. डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा, हळदीत शिजवलेला. फाटकात मारोलोपची बायको तियूर उभी होती. तिने दोन्ही हात हलवले. या म्हणून नव्हे. जा, जा म्हणून. तिच्यामागे स्वागताचे ढोलवाले अजून जेवत होते.

"लाए," जापोर्मन म्हणाला, "ते आपलंच फाटक होतं ना?"

"आपलंच."

"मग?"

हे नीट सांगायचं तर थांबायला हवं. थांबता येत नाही, म्हणून जाता जाता.

गाडी महायुद्धानंतर इंग्रज सैन्याबरोबर सुमात्रातल्या सियांतारला आली आणि सैन्य गेलं तरी राहिली. तियूरच्या वडिलांनी तिला डाव्या बाजूला डबा जोडला आणि लेकीच्या लग्नात जावयाला दिली. तेव्हापासून मारोलोप तिच्यावर माणसं वाहतो. गेल्या पावसाळ्यात ती बरेच दिवस उभी राहिली आणि क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटल्या. दांडी कितीही आवळा, इंजिन चाक सोडेना. यावर उपाय सोपा होता. झाकण काढायचं, चकत्या रॉकेलने धुवायच्या, पातळ तेल घालायचं. मारोलोपने पाना हातात घेतलासुद्धा. तेवढ्यात फाटकातून जापोर्मन आला.

"बाबांची गाडी आहे," तो म्हणाला. "सरक."

मारोलोप सरकला. बायको ज्या घरातून आणली त्या घरचे लोक म्हणजे हुला-हुला. त्यांच्यापुढे मान खाली. ते म्हणाले दिवस, तर दिवस. मेहुणे एकमेकांना लाए म्हणत असले तरी एक लाए 'तू' म्हणतो आणि दुसरा 'तुम्ही'.

जापोर्मनने चकत्या काढल्या, फडक्याने पुसल्या, स्प्रिंगा जीव खाऊन आवळल्या आणि डब्यातून काकवीसारखं काहीतरी ओतलं.

"लाए," मारोलोप अगदी हळू म्हणाला, "हे गिअरचं तेल आहे का?"

"बाबा हेच घालायचे."

बाबा हे कधीच घालत नसत. मारोलोप अनेक वर्षं त्यांच्या शेजारी बसून बघत होता. पण बाबा जापोर्मनचे होते.

"जाड आहे थोडं."

"जाड आहे म्हणून टिकतं." मग जापोर्मनने खिशातून बायकोची नखं रंगवायची बाटली काढली आणि झाकणाच्या प्रत्येक स्क्रूवर लाल रेघ ओढली. "आता कुणी उघडलं तर मला कळेल. लग्नाला मी याच गाडीतून येणार. आणि एक सांगून ठेवतो, फाटकाबाहेर मला उभं करायचं नाही. तुझ्या पोराच्या बाप्तिस्म्याला मी मासा घेऊन उन्हात ताटकळलो होतो. या वेळी थांबावं लागलं तर मासा परत आणि उलोसही परत."

उलोस म्हणजे मामाने नवरीच्या खांद्यावर घालायचं विणलेलं वस्त्र. ते पडलं नाही तर चर्चमध्ये कितीही आशीर्वाद मिळोत, म्हाताऱ्यांच्या लेखी रुगुनचं लग्न अर्धंच.

तर हे असं. जाड तेलात क्लच अजूनही सुटत नव्हता, आणि गाडी आता एकदा थांबली की चार माणसांनी ढकलल्याशिवाय निघत नव्हती. सकाळी जापोर्मनच्या दारात तिला शेजाऱ्यांनी ढकललं, तेव्हा जापोर्मन डब्यात बसून त्यांना आशीर्वाद देत होता. त्याला वाटलं, हा मान आहे. आणि गाडी थांबत का नाही हे मेहुण्याला सांगायचं म्हणजे मेहुण्याने ती बिघडवली हे सांगायचं.

"मग?" जापोर्मनने पुन्हा विचारलं.

"म्हटलं, गावाने बघू दे तुम्हाला. असं सरळ आत काय घुसायचं?"

जापोर्मनने यावर बाजारपेठ संपेपर्यंत विचार केला. मग तो ताठ बसला.

फेरी. बाजार, चर्च, रबराचं गोदाम, उतार, पुन्हा फाटक.

ढोलवाल्यांनी बेचाक पाहिली आणि हात धुऊन ढोल वाजवायला सुरुवात केली. तियूर आणि तिच्या जावा ओळीत नाचत पुढे आल्या. आणि त्यांच्या नाचाच्या बरोबर मध्ये नवऱ्याकडच्यांचा ट्रक मागे मागे येत फाटकात अडकला. ट्रकमध्ये शिजवलेलं डुक्कर होतं. ड्रायव्हर खाली उतरून बघत होता, की आपण कुठे अडकलो.

मारोलोप निघून गेला. मागे ढोल वाजत राहिले, मग एकेक करून गप्प झाले.

"लोक माझ्याकडे बघत होते," जापोर्मन म्हणाला.

"बघणारच."

"तुझ्या डोळ्यांत पाणी आहे, लाए."

"धूर."

"मलाही आलं," जापोर्मन म्हणाला. "बाबांची आठवण." ताट वळणावर कलंडलं, मासा काठापर्यंत घसरला आणि त्याची शेपटी बाहेर लोंबली. जापोर्मनने ती दोन बोटांनी आत घेतली. शेपटी तुटली असती तर मासा अख्खा राहिला नसता, आणि तो अख्खा नसता तर त्याचा उपयोग फक्त खायला झाला असता.

फेरी. ट्रक अजून फाटकातच. पुन्हा फेरी. बाजारातले लोक आता दुकानांबाहेर उभे होते. जापोर्मन त्यांना हात दाखवत होता.

या खेपेला ट्रक नव्हता. ढोल, जावा, तियूर, सगळे जागेवर. मारोलोपने उतारावरच गिअर लाथेने सोडवला, ब्रेक दाबला आणि मनातल्या मनात सासऱ्यांची माफी मागितली. गाडी घरंगळत आली आणि अगदी फाटकाच्या उंबऱ्याशी टेकली. इंजिनाने एक आचका दिला आणि मेलं.

जापोर्मन उतरला. मासा अख्खा होता. त्याने मारोलोपच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाप्तिस्म्याचं सगळं विसरलो," तो म्हणाला. "तीन फेऱ्या. एवढा मान मला सख्ख्या सासऱ्यानेही दिला नाही. आणि बघितलंस ना, क्लच कसा चालला?"

"बघितला."

मारोलोप सीटवरच बसून राहिला. आता मेहुणा आत जाईल, रुगुनच्या खांद्यावर उलोस पडेल, आणि आपण कोपऱ्यात उभं राहून ते बघू. एवढंच त्याला आयुष्याकडून हवं होतं.

"भाच्या."

मांडवाच्या कडेला खुर्चीवर मारोलोपचा मामा बसला होता. आईचा थोरला भाऊ, कानाने अधू, नजरेने पक्का. भाड्याच्या मोटारीतून पहाटेच आला होता.

"तो तुझ्या बायकोच्या घरचा," मामा म्हणाला. "मी तुझ्या आईच्या घरचा. मोठा कोण?"

"तुम्ही, मामा."

"मला किती फेऱ्या मारल्यास?"

तियूरने कपाळावर हात मारला नाही. बायका बघत होत्या. ती फक्त म्हणाली, "रुगुनचे बाबा, जाऊन या. उलोसला वेळ आहे."

"गाडी सुरूच होणार नाही," मारोलोप पुटपुटला. त्यात थोडी आशा होती. त्याने एकच लाथ मारली. इंजिन लागलं. त्याने दांडी आवळली, आणि क्लच सुटला. अलगद, लोण्यासारखा. तीन फेऱ्यांत ते काकवीसारखं तेल तापून पाण्यासारखं पातळ झालं होतं.

"बाबांचं तेल," फाटकातून जापोर्मन सगळ्यांना सांगत होता. "मी घातलं."

फेरी. मामा डब्यात डोळे मिटून, हात मांडीवर. फाटकातून दिसलं: जापोर्मन उलोसची घडी मोडतोय.

फेरी. फाटकातून दिसल्या पाठी. नुसत्या पाठी, आणि त्यांच्या वर जापोर्मनचे दोन हात.

फेरी. रुगुन. खांद्यावर उलोस. पडताना दिसला नाही, पडलेला दिसला. ती गर्दीतून फाटकाकडे धावत आली, हातात केळीच्या पानावर माशाचा घास. मारोलोपने वेग कमी केला. क्लच इतका छान चालत होता, की गाडी माणसाच्या चालीने चालली. रुगुनने हात पुढे केला.

"बाबा, घ्या."

डबा तिच्या बाजूला होता. मामाने डोळे उघडले, पान घेतलं, घास तोंडात टाकला आणि तिला भरभरून आशीर्वाद दिला.

"मामा, तीन झाल्या," मारोलोप म्हणाला.

"त्याला तीन," मामा चावत म्हणाला. "मी मोठा."

फाटकाबाहेर आता खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या खुर्चीवर आजीच्या माहेरचे, दुसरीवर थोरल्या सुनेच्या माहेरचे. सगळे हुला-हुला, सगळ्यांच्या खांद्यावर उलोस, सगळ्यांच्या मांडीवर एकेक मासा. मारोलोपने जाता जाता दांडी आवळून पाहिली. क्लच लगेच सुटला. त्याने दांडी सोडली आणि बाजाराकडे वळला.