मोटारीमागची बंडी

"पाच वाजायच्या आत कुटुंब, सामान आणि हा कागद क्वार्टरवर हजर पाहिजे. नाही तर क्वार्टर पुढच्या नंबराला जाईल," असं हाऊसिंगचे बाबू कृष्णराव सकाळी बजावून गेले, तेव्हापासून धोंडबा मेश्रामचा जीव थाऱ्यावर नव्हता. तीन वर्षं तो आणि शेवंता भिलाईच्या कॅम्पात टिनाच्या खोलीत राहत होते. वैशाखात त्या टिनावर भाकर टाकली असती तर चूल पेटवावी लागली नसती. सेक्टर सहामधल्या क्वार्टरात नळ होता, विजेचा दिवा होता.

शेवंताने कागद हातात घेऊन एकेक अक्षर लावायला सुरुवात केली. ती महिनाभरापासून बायांच्या रात्रशाळेत जात होती.

"ठेव पेटीत. तू वाचेपर्यंत पाच वाजतीन," धोंडबा म्हणाला. तो स्वतः पगारावर अंगठा लावायचा.

कारखान्याचे ट्रक भट्टीच्या कामात अडकलेले. कुम्हारी गावच्या मनबोधने आपली बैलबंडी आणून सोडली, पण बैल परत नेले. त्याचं धान वाहायचं होतं. "चार बजे बइला धरके आहूं," चारला बैल घेऊन येतो, असं सांगून तो गेला.

"चारला निघालो तं पाचला बैल रेल्वे फाटकावरच रवंथ करून राहतीन," धोंडबा म्हणाला, आणि त्याची नजर शेजारच्या चंपतच्या मोटारीवर गेली. क्रेन चालवणाऱ्या चंपतने ती गावी परतणाऱ्या एका सर्व्हेवाल्याकडून घेतली होती. सायलेन्सर कधीचा गळून पडला होता, पण चालायची. धोंडबा कारखान्यात वेल्डर. त्याने नाक्यावरच्या दुकानात मोटार नेऊन मागच्या बंपरवर मनगटाएवढा हूक जोडला आणि बंडीची दांडी साखळीने त्यात अडकवली.

"हे सुटलं तं, अहो?" शेवंताने विचारलं.

"धोंडबाचं वेल्डिंग? सुटलं तं मिशी उतरवीन."

सामान भरलं. चंपतने मोटार चालू केली, चाकं गरगर फिरली, मोटार जागची हलेना. बंडी उलाळ झाली होती. मागच्या वजनाने तिचं तोंड वर गेलं होतं आणि त्याबरोबर मोटारीचं बूडही.

"वजन समोर घ्या," धोंडबा म्हणाला. जातं, पाटा, कागदाची पेटी सगळं पुढे आलं. तरी जरा उलाळच. मग पेटीवर शेवंता बसली, मांडीवर बुद्धाची तसबीर घेऊन. मोटारीचं बूड खाली टेकलं, थोडं जास्तच टेकलं. गाद्या मोटारीच्या मागच्या सीटवर कोंबल्या, त्यामुळे मागची काच झाकली गेली.

मोटार निघाली. रेल्वे फाटकाच्या रुळांवर दाणकन आदळली, आणि तिथून मात्र अशी पळायला लागली की चंपत खूश झाला.

"पाह्य, गड्या, गरम झाली का कशी चालते."

"मी म्हणलं नव्हतं?" धोंडबाने मिशीला पीळ दिला.

सेक्टर सहामध्ये कृष्णराव किल्ली घेऊन उभे होते. धोंडबा ऐटीत उतरला, मागे गेला, आणि तिथंच थिजला. बंडी नव्हती. शेवंता नव्हती. हूक नव्हता. बंपरच नव्हता, त्याच्या जागी गंजलेल्या बोल्टांची दोन भोकं होती.

"कुटुंब कुठं आहे?" कृष्णरावांनी विचारलं.

"आता तं होती," धोंडबा म्हणाला.

"कागद?"

"तिच्या बुडाखाली."

कृष्णरावांनी घड्याळ पाहिलं. साडेचार.

जवळच्या वाटेने परत फाटकाकडे जाऊ म्हणून चंपतने बाजारातून मोटार घातली, तिथं गर्दीत पंधरा मिनिटं गेली. फाटकावर फुटलेलं एक मडकं आणि डांबरावर लांब ओरखडा, बाकी काही नाही. धोंडबाने रुळांच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

"बाई?" फाटकवाला म्हणाला. "गेली ना ती. लय शांत होती."

"कुठं गेली?"

"तुमी गेले तिकडंच."

चंपतने मोटार वळवली. क्वार्टर दिसलं तेव्हा सव्वापाच झाले होते. दार उघडं होतं. आत विजेचा दिवा लागला होता. अंगणात दोन बैल कडबा खात होते, आणि पायरीवर बसून कृष्णराव आणि मनबोध चहा पीत होते.

"बैल घेऊन मनबोधभाऊ कॅम्पात येऊन राहिला होता," शेवंता म्हणाली. "फाटकावर भेटला. बैल जुंपले, पाचच्या आत आलो."

धोंडबा कृष्णरावांकडे वळला. "पन बाबूजी, मी तं नव्हतो."

"कुटुंब, सामान, कागद," कृष्णरावांनी बोटं मोजली. "नवरा यादीत नव्हता. अन् बाईंनी सही केली. अंगठा नाही, सही."

धोंडबाने पावती हातात घेतली. अक्षरं वाकडी होती, पण होती. तो खूप वेळ पाहत राहिला. मग त्याची नजर बंडीवर गेली. दांडीला साखळी होती, साखळीत हूक, हुकाला बंपर. "पाह्य, चंपत," तो हळूच म्हणाला, "वेल्डिंग नाही सुटलं."

चंपतला त्यात रस नव्हता. पेट्रोल संपून मोटार अंगणापाशीच बंद पडली होती. मनबोधने चहा संपवला, मोटारीकडे पाहिलं, मग आपल्या बैलांकडे पाहिलं.

"एहू ला फांदंव का?" हिलाही जुंपू का, असं त्याने अगदी सरळ मनाने विचारलं.

चंपतने मान खाली घातली. "धोंडबा, समोरच्या बंपरले बी एक हूक मारून दे."

धोंडबाचा हात मिशीकडे गेला.

"या खेपेला," शेवंता आतून म्हणाली, "पयले बोल्ट पाह्यजा."