तेजरामच्या घराएवढं भिलाई

हवेला भिंत आडवी येते.

छतावर सावलीला बांधायची हिरवी जाळी, दहा फूट रुंद, तेजरामने दुर्गच्या बाजारातून आणलेली.

शहराबाहेर, उतईच्या शेताच्या बांधावर संध्याकाळी गार वाटतं.

हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकाला गल्लीचं नाव सांगून उपयोग नसतो.

शहराचं हवामान सांगायचं तर शहरातल्या इमारती हिशेबात घ्याव्या लागतात, यावर आता दुमत नाही. इमारत दिवसभर ऊन साठवते आणि सूर्य बुडाला की परत देते. पण एकेक इमारत मोजत बसलं तर उद्याचा अंदाज परवा तयार होतो. म्हणून शास्त्राने मोठ्या मनाने ठरवलं, की शहरात एकच इमारत असते. तीच गल्लीच्या दोन्ही बाजूंना ओळीने उभी असते आणि गल्ली कधी संपत नाही. (वळण नाही, म्हणून पानठेला नाही.)

हवामानाच्या प्रयोगशाळेतला राजदीप मोजायची टेप घेऊन भिलाईच्या वैशाली नगरात आला आणि ती इमारत म्हणून त्याने तेजरामचं घर निवडलं. तेजरामची छाती फुगली. उभी नोकरी त्याने पोलादाच्या प्लँटच्या तपासणी खात्यात काढली होती. रुळाचा एक तुकडा कापायचा, तपासायचा, त्यावर सगळा माल पास. त्या तुकड्याला मग कोणी बोट लावायचं नाही. आता त्याचं घरच तो तुकडा झालं होतं.

"अवो, जाळी कवा बांधता?" बायको रंभा म्हणाली. "वरच्या खोलीत मी भाजून राहिली."

"नमुन्याले हात लावाचा नसते, रंभा. आपल्या छतावर जाळी म्हंजे साऱ्या भिलाईवर जाळी."

"मंग भिलाईलेच सांगा, माह्या पाठीवरचं घामोळं मोज म्हनून."

ही गोष्ट कॉलनीत पसरली. लोकांनी आपापल्या छतांना चुना मारायचं रद्द केलं आणि तेजरामकडे शिष्टमंडळ आणलं. भाऊ, तुमी जाळी टाका, आमी थंड होतो.

तेजरामने धर्मसंकटात राजदीपला फोन लावला.

"अरे काका, जाळी मैं डाल देता हूँ ना, इथूनच, संगणकात. दोन मिनिटाचं काम."

दुसऱ्या दिवशीच्या अंदाजात भिलाई दीड अंशाने उतरलं. कॉलनीने तेजरामला शाल-नारळ दिलं. (शाल लोकरीची होती.)

रंभाबाईंनी स्टूल आणून ठेवलं. "आता तं बांधा."

"आता कायले? बांधून झाली ना. आनखी बांधली तं दोनदा मोजल्या जाईन."

"मंग मले कावून दिसत नाही?"

"तू घरात राह्यतं. ते वरून पाह्यतात."

आपल्याकडे टेप घेऊन कोणी आलं नाही, म्हणून वाचकांनी हिरमुसू नये. तुम्ही जुनवानीत असा की आणखी कुठे, हिशेबात तुम्हीही कुणा तेजरामच्याच घरात राहता, आणि तुम्हाला सध्या दीड अंश गार वाटत आहे. वाटत नसेल, तर अंदाज पुन्हा पाहावा.

रंभाबाई एप्रिलपासूनच शेजारच्या दामिनीकडे निजायला जात होत्या; तिने छताला चुना आधीच मारून घेतला होता.