जोर्जेतबाईंची तीन शहरांवरील स्वारी, बादशहा नामे कबुतरासह

पूर्वी राजे जाहले, त्यांनी गड घेतले, ते भाटांनी गाइले. परंतु लिएज नगरच्या जोर्जेतबाई वातले यांनी केवळ हातातील पिशवीच्या बळावर एका रविवारात तीन शहरे घेतली, हे कोणी लिहून ठेविले नाही. ऐसियास पुढील पिढ्यांस खरा मजकूर कळावा म्हणून घडले तैसे लिहितो. कोठे पदरचे घातले असेल तर ते शोभेपुरते.

बाईंचे यजमान फिर्मँ वातले, नामांकित कबूतरबाज. म्यूज नदीच्या काठी त्यांचे घर, घराच्या माथ्यावर कबूतरखाना. त्या प्रांती रविवार देवाचा ऐसे पाद्री म्हणत, तरी खरा तो कबुतरांचा. दूरदेशी सोडिलेली पाखरे शर्यत करीत त्या दिवशी घरी येत, मग साहेब अंगणात आकाशाकडे डोळे लावून उभे, आणि पाखरू बुजेल म्हणून दोरीवर धुणे घालण्यास मनाई, मोठ्याने शिंकण्यास मनाई, आणि बाहेरगावचे नाव काढणे म्हणजे तर प्रत्यक्ष फितुरी. लग्न जाहल्यापासून हाच शिरस्ता. रेल्वेने तासाभराच्या वाटेवर नामूर, पुढे शार्लरुआ, त्याहीपुढे मॉन्स, सारी आपल्याच वालोनी मुलुखातील, आपलीच फ्रेंच बोलणारी शहरे. परंतु बाईंनी ती पाहिली ती बिस्किटांच्या डब्यांवरील चित्रांत. केस पांढरे जाहले. या गोष्टीचे दुःख त्यांस खरोखर होते, आणि ते थट्टेवारी नेण्याजोगे नव्हते.

मग लग्नाच्या वाढदिवशी अघटित घडले. साहेबांनी आपण होऊन फर्माविले की येत्या रविवारी तिन्ही शहरांवर स्वारी करावी. बाईंनी नवा कोट काढिला, लोणी लाविलेल्या पावांची चवड बांधिली, पिशवीत वॅफल नामे जाळीदार गोड पोळ्या घातिल्या आणि हर्षभरे कूच केले. गाडीने लिएज सोडिले न सोडिले तोच साहेबांच्या मांडीवरील ओव्हरकोटाखालून आवाज उमटला: घूं, घूं.

"फिर्मँ, तुझं पोट बोलतंय का?"

"भूक लागलीय गं."

"पोटाला पिसं फुटलीत वाटतं. काढ तो कोट."

कोट निघाला तो खाली वेताची टोपली, आणि टोपलीत निळ्या मानेचा खासा बादशहा, साहेबांचा जीव की प्राण. तेव्हा कारस्थान उघड जाहले. बादशहास पुढील शर्यतीची तालीम द्यावयाची होती. नामुरास त्याला आकाशी सोडावे आणि मिळेल त्या गाडीने माघारी फिरावे, ऐसा साहेबांचा गुप्त मनसुबा.

"पाखरू घरी येणार आणि दारात आपण नाही, बरं दिसतं का ते?" साहेब म्हणाले. "नामूरचं स्टेशन चांगलं आहे म्हणतात. ते बघ की तू निवांत."

  बाईंनी जन्म कबूतरबाजाच्या घरी काढिलेला. त्यांस पक्के ठाऊक की उपाशी पाखरूच घराकडे धाव घेते, पोट भरलेले असेल तर ते कुठल्याही कौलावर बसून डुलक्या काढते. म्हणून साहेबांनी बादशहास पहाटेपासून उपाशी ठेविले होते. मग साहेब वारा कोणीकडचा हे पाहण्यास दरवाजाच्या खिडकीशी गेले, आणि बाईंनी तजवीज आरंभिली. टोपलीचे झाकण उचलिले, पिशवीचे तोंड आत लाविले, आणि बादशहाने पिशवीत मान घालून रसद लुटिली.

नामूरचा किल्ला दोन नद्यांच्या संगमावर. साहेब वर चढले, बादशहास हाती घेतिले, रिवाजाप्रमाणे गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीवर बोट ठेविले आणि पांढरेफटक पडिले.

"ठासून भरलंय! हे तूसेंचंच काम. शेजारी कसला, वैरी आहे मेला!"

"तूसें महिनाभर इस्पितळात आहे, फिर्मँ."

"तिथून केलं असेल."

त्याउपरी हुकूम जाहला की पोट उतरेतो मुक्काम करावा. येणेप्रमाणे नामुराचे दरवाजे उघडिले. बाई कठड्याशी उभ्या राहून दोन नद्यांचे पाणी एकमेकांत मिसळताना पाहू लागल्या, आणि पाहता पाहता त्यांचे डोळे भरून आले. मग चौकात कॉफी मागविली. नामूरकर संथपणाविषयी प्रसिद्ध, गोगलगाय हे त्यांचे भूषण. साहेबांनी तिसऱ्यांदा हाक मारिली तेव्हा वाढपी म्हणाला, "आलो की, मालक. लिएजचे ना तुम्ही? तिकडं कॉफी पळत येते म्हणे, निम्मी सांडून." कॉफी येईतो बाईंनी चर्च पाहिले, बाजार पाहिला, आणि येता-जाता टोपलीत वॅफलचा तुकडाही सोडिला.

पोट काही उतरेना. मग साहेबांनी मसलत केली की पल्ला लांबविला तर तालीम उत्तम होईल, सबब शार्लरुआवर चाल करावी. तेथे रविवारचा मोठा बाजार. साहेबांनी तळलेल्या बटाट्यांचा कागदी कोन घेतिला, आणि ते मोहरीची चटणी निवडण्यात गर्क असता बाईंनी त्यातील निम्मी कुमक टोपलीत रवाना केली. बोट ठेविताच साहेब ओरडले, "याला तेलाचा वास येतोय!"

"शार्लरुआची हवाच तशी," बाई म्हणाल्या, आणि पुढील गल्ली पाहण्यास निघाल्या.

ऐसे करीत फौज मॉन्सला पोचली, आणि तेथे बाईंची रसद संपली. चौकात नगरभवनाच्या भिंतीशी लोखंडी माकड आहे. त्याचे डोके डाव्या हाताने चोळिले असता वर्षभर नशीब फळते, हे तेथील पोरासोरांसही ठाऊक. बाईंनी डावा हात ठेविला आणि मनात म्हटले, एक संध्याकाळ या चौकात बसू दे, अधिक काही नको. साहेबांच्या डाव्या हाती टोपली; ती खाली ठेवणे प्राण गेला तरी होणे नाही, म्हणून त्यांनी उजव्या हातानेच नवस उरकिला. बाजूची म्हातारी चुकचुकली, "गेलं वर्ष वाया!"

मग साहेबांनी बोट ठेविले. पोट रिकामे.

"झालं! सोडतो याला, आणि पळू. गाडी उभीच असेल."

"एक कॉफी तरी, फिर्मँ."

"घरी करून देतो."

 तीन शहरांची दौलत हाती आली होती, ती अखेरच्या चौकात जाते की काय ऐसा प्रसंग. झाकण उघडिले. बादशहा वर चढला, घंटाघरास फेरा घातिला, लिएजची दिशा धरिली, साहेबांनी स्टेशनाची. बाई पिशवी उघडी टाकून बाकावर मटकन बसल्या.

इतक्यात आकाशी चमत्कार जाहला. बादशहा गर्रकन वळला, तीरासारखा खाली आला, आणि थेट बाईंच्या पिशवीत शिरून तळचा वॅफलचा चुरा टिपू लागला.

चौकातील मंडळींनी टाळ्या पिटिल्या. साहेब धावत माघारी आले, आणि पिशवीकडे पाहत तटस्थ जाहले. कबूतरबाजांचा कायदा एकच, की पाखरू जेथे दाण्यास उतरते तेच त्याचे घर. सवयीने त्यांनी खिशातील घड्याळ काढिले आणि वेळ पाहिली.

"जोर्जेत, माझं एकही पाखरू इतक्या लवकर घरी पोचलेलं नाही गं."

"पोचलं ना घरी? मग आता तू कुठं पळतोयस?"

साहेबांनी स्टेशनाकडे पाहिले, पिशवीकडे पाहिले.  मग ते बाकावर बसले.

येणेप्रमाणे नामूर, शार्लरुआ, मॉन्स ही तिन्ही स्थळे जोर्जेतबाईंनी हस्तगत केली. ठार कोणी नाही. साहेबांचा अभिमान किंचित खरचटला, त्यावर बिअर लाविली. बाईंनी मॉन्सची संध्याकाळ डोळे भरून पाहिली. दुसऱ्या पेल्यानंतर साहेबांनी वाढप्यास जवळ बोलावून खोलीची चौकशी केली, आणि किती माणसे ऐसे त्याने पुसता उत्तर दिधले ते शब्दशः नोंदवितो:

"आम्ही दोघंच. पाखराची सोय नको, ते घरीच आहे."