पुतळ्याचा पासपोर्ट

मंगळवारी चौकातला ब्राँझचा कामगार चौथऱ्यावरून उतरला आणि पासपोर्टच्या रांगेत उभा राहिला. हातोडा हातातच होता. पण त्याने कुणाला ढकललं नाही, हे कबूल करायला हवं.

खिडकीवर मी बसते. साम्यवाद गेल्यापासून गावात जोरात चालते ती ही एवढीच खिडकी.

त्याच्या मागे दिमोकाका होते, ट्रॅक्टर कारखान्यातले टर्नर. तरुणपणी त्यांनाच समोर उभं करून हा पुतळा घडवला होता. कारखाना भंगारात गेला, पोरगी यांका परदेशात वीटभट्टीवर गेली, तिकडेच तिला बाळ झालं. नातवाला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढ्यासाठी काका चार महिने रांगेत येत होते.

त्या वीटभट्टीवर गावातून आणखी एकच मजूर जायचा होता. निवडणार कोण, तर ग्रोझेव्ह. कालपरवापर्यंत पक्षाचे सचिव, कामगारांच्या नावाने गळे काढणारे. आता कारखाना त्यांचा, चौक त्यांचा, मजूर पाठवायची एजन्सीही त्यांचीच. कॉम्रेड म्हटलेलं आता खपत नाही, साहेब म्हणावं लागतं.

"वय?" साहेबांनी विचारलं.

"एकोणसाठ," काका म्हणाले.

"तीस," पुतळा म्हणाला.

"जेवण?"

"लागत नाही," पुतळा म्हणाला. "रजा नको. तीस वर्षांत हातसुद्धा खाली घेतलेला नाही."

साहेबांना अगदी भरून आलं. असा कामगार त्यांनी आयुष्यभर फक्त भाषणात पाहिला होता.

अडचण एकच, पुतळ्याला जन्मदाखला नव्हता. साहेबांनी काकांच्या हातातला दाखला घेऊन त्याच्या अर्जाला लावला.

"यावर वय एकोणसाठ आहे," मी म्हटलं.

"मग वयाच्या मानाने तरुण दिसतो, असं लिहा."

मी लिहिलं आणि शिक्का मारला. मलाही नोकरी टिकवायची आहे.

"आणि माझं काय?" काकांनी विचारलं.

"तुम्ही चौथऱ्यावर या. लोक तिकीट काढून चौक बघायला येतात, त्यांना काय रिकामा दगड दाखवू? तो परत आला की दाखला तुमचा."

काका हातोडा उंच धरून उभे राहिले. तिकीट तपासणारा तासातासाला येऊन हात खाली आलाय का बघतो. नालायक मेला, पूर्वी काकांच्याच हाताखाली शिकला होता.

सहा महिन्यांनी यांकाचं पत्र माझ्या नावाने आलं. काकांचा हात मोकळा नव्हता, म्हणून मी खाली उभी राहून वाचलं. "बाबा सुखरूप आले. दोन-दोन पाळ्या करतात, थकत नाहीत. जेवत मात्र काही नाहीत. बाळाला मांडीवर घेतलं की ते गारठून रडतं. आता मी त्यांना कायमचं इथेच ठेवून घेणार आहे."



"उत्तर लिहितेस?" काका म्हणाले. "लिही, बाळाला माझ्या मांडीवर देण्याआधी मला थोडा वेळ उन्हात बसवत जा."

मी तसंच लिहिलं. सहीही मीच केली.